लावलेला बुक्का

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. प्रथेप्रमाणे देवळाचे व्यवस्थापक दत्तोपंत बुक्का घेऊन पुढे आले. कीर्तनकार इंदुताईंनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

“लावा ना, पंत.”

“अहो ताई, केव्हाच लावला! समाधी लागली की काय?”

श्रोते हसले. इंदुताईंना हसू आलं नाही. इसबावर वर्षानुवर्षं चोळलेलं स्टिरॉइडचं मलम सोडल्यावर त्यांचं अंग पेटलं होतं, म्हणून डॉक्टरांनी कानामागे चकती चिकटवून त्वचेची जाणीवच बंद केली होती. एकदा काढली की ती पुन्हा बसणार नव्हती. आता आग नव्हती, खाज नव्हती. हातातल्या झांजाही असून नसल्यासारख्याच होत्या.

त्यांनी चकती ओढून काढली. अंगभर निखारे पसरले.

“पंत,” दात आवळून त्या म्हणाल्या, “आता लावा.”