पक्कं काम

तिने भिंतीच्या तळाचं पहिलं झाकण उघडलं आणि पाना हातातच राहिला. बोल्टाच्या जागी सिमेंट होतं.

दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तेच.

किनाऱ्यावरच्या बारा घरांच्या ओळीतलं हे पहिलं घर तिच्या वडिलांचं. समुद्र पायरीपासून चार हातांवर येऊन ठेपला होता. एरवी घाबरायचं कारण नव्हतं. बोल्ट सोडायचे, भिंती उतरवायच्या आणि वरच्या माळावर घर पुन्हा उभं करायचं, अशीच तर तिने ही घरं बेतली होती. एका घराला एक दिवस, असं तिने भर सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. माळावर जोती तयार होती, ट्रॅक्टर आले होते. मोठी भरती दोन आठवड्यांवर होती.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" ती ठेकेदारावर उखडली.

"मॅडम, मी सगळे बोल्ट मोकळे सोडून गेलो होतो. तुम्हीच तपासले होते," तो म्हणाला. ते खरंच होतं.

मग छिन्नी-हातोडा आला. दुपार झाली तेव्हा एक बोल्ट जेमतेम दिसू लागला होता. एका घराला असे चाळीस. घामाघूम होऊन तिने सिमेंटवर हात टेकला. गुळगुळीत. कोपऱ्यावर अंगठ्याने दिलेली गोलाई. झाकणाआडच्या, कुणाला न दिसणाऱ्या कामाला रोजंदारीवर कोण अशी घोटाई करतो? तिने हातोडा खाली ठेवला.

वडील मागेच उभे होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस.

"उगाच हात दुखवून घेऊ नकोस, निघायचं नाही ते," ते कौतुकाने म्हणाले. "गेल्या वादळाच्या आधी तूच फोन केला होतास ना, 'बाबा, बोल्ट पक्के करून घ्या' म्हणून? केले. वर आठ दिवस पाणी मारलं."

आवळायचे होते, बाबा. पान्याने. तिने पाठवलेला नवा पाना घरात खाटेखाली होता, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिला रडू फुटत होतं आणि त्यांच्यावर ओरडताही येत नव्हतं.

"आपल्याच घराचे केले ना?" तिने कसंबसं विचारलं.

"छे! असं कसं? बाराही घरांचे केले, एकट्याने," वडील म्हणाले. "लेकीचं काम होतं. एक बोल्ट सोडला नाही."