घरातली की पाहुणी

"काका, घरात माणसं किती?" जनगणनेच्या बाईंनी दारातच विचारलं.

सासर सोडून आलेली लेक स्वयंपाकघराच्या दाराआड थिजली. आठ दिवस दोघं एका छपराखाली होती, पण बाबांनी तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

"आम्ही दोघं. म्हातारा-म्हातारी."

लेकीनं पदर तोंडाशी धरला, तशा बांगड्या वाजल्या.

"एकही माणूस सुटायला नको हं, काका. आत बांगड्या वाजल्या, त्या कुणाच्या?"

"लेकीच्या."

"पाहुणी असेल तर इथं लिहायची नाही. सहा महिने राहणार असेल, तरच घरातली."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"लिहा. घरातलीच आहे."

"म्हणजे तीन."

"आणि बाळ यायचंय, ते कुठं लिहायचं?"

लेकीनं दचकून आईकडे पाहिलं. ही गोष्ट फक्त आईला ठाऊक होती. आईनं मान हलवली, 'मी नाही गं सांगितलं.'

"पोटातलं धरत नाहीत, काका. ते पुढच्या जनगणनेला."

"मग तेव्हाही इथंच या," बाबा आतल्या दाराकडे बघत म्हणाले. "दार उघडायला तेच येईल."