हेमलताचं खरं उत्तर

विम्याचं नूतनीकरण करताना गाडीने विचारलं, "घरात कुणावर वाहतुकीचा खटला चालू आहे?" उत्तर खोटं असलं की आवाजावरून तिला कळायचं. म्हणून जयवंतने बायकोला पुढे केलं. त्याच्यावरचा खटला तिला ठाऊकच नव्हता.

"खटला? अगं, ह्यांना सायकलवाले मागे टाकतात!" हेमलता हसली. गाडीने उत्तर खरं मानलं.

पुढे कोर्टाचा निकाल जयवंतच्या विरोधात लागला. जयवंतने विमा कंपनीत जाऊन सगळं सांगितलं.

"पण जबाब बाईंच्या आवाजात आहे," अधिकारी म्हणाला.

त्याचं दंडावर भागलं. खोट्या जबाबाबद्दल तिचा परवाना मात्र कायमचा गेला. तोवर गावोगावच्या रुग्णांकडे ती स्वतः गाडी चालवत जायची.

आता तो तिला पोचवतो. ती मागे बसते.

"पुढे ये ना, हेमा."

"समोर बघून चालवा."