पुसलेली काच

पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी रेघ खाली आली नव्हती.

राधाबाई टॅबलेटसमोर बसून होत्या. रोज चारच्या सुमारास ती रेघ सरळ खाली कोसळते. तेव्हा तिकडे, महासागरापलीकडे पार उत्तरेला, सकाळचे आठ वाजलेले असतात, आणि त्यांची समता बोटीतून जाऊन, नदीत रोवलेल्या दांड्यावरच्या, पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राची काच पुसत असते. आज रेघ वरच चढत होती.

शेजारच्या खोलीत जावयाची मीटिंग चालू होती. ती संपल्याचं कानावर आलं, तशी त्यांनी हाक मारली. "अनुप, जरा येता का?"

अनुप हेडफोन गळ्यात तसाच ठेवून आला. "आई, समताचे सरसुद्धा हा ग्राफ एवढा बघत नसतील. पीएचडी देऊन टाकतील हं तुम्हाला."

"आज पुसलं नाही तिनं."

"वारा असेल. वाऱ्यात बोट काढत नाहीत." तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकला. "काचेवर शेवाळ धरलं की आकडा वाढतो. पाणी गढूळ झालं तरी वाढतो. इतकंच आहे ते."

"आणि पाणी कशानं गढूळ होईल?"

रविवारी सॅटेलाइट फोनवर समता दोघांशीही बोलली होती. नदीकाठची हजारो वर्षं गोठलेली माती उन्हाळ्यात सुटते आहे, रोज हात-दोन हात काठ ढासळतो आणि त्यातली किती माती नदी समुद्रात नेते ते मोजायलाच आम्ही आलोय, असं म्हणाली होती. तंबू काठापासून लांब आहे ना, असं राधाबाईंनी विचारलं तेव्हा ती हसली होती. "तंबू लांब आहे गं आई. काम जवळ आहे."

"नदी म्हटलं की गढूळ व्हायचीच," अनुप म्हणाला.

आता फोन यायचा तो पुढच्या रविवारी. बॅटरी जपावी लागते. तिथं तिघंच माणसं. समता, एक डच तंत्रज्ञ आणि तिथला म्हातारा नावाडी. तिघांची मिळून खबर काय, तर ही एक रेघ.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या बौद्ध व्रताचे दिवस होते. राधाबाई दुपारी बारानंतर जेवत नाहीत, पाणी तेवढं घेतात. आज तो ग्लासही भरलेलाच होता.

"पाणी तरी घ्या आई. पाण्याला भगवंतांनी कुठं मनाई केलीय?"

"घेते. आधी रेघ पडू द्या."

यंत्र सेकंदासेकंदाला मोजे, पण आकडे दर पंधरा मिनिटांनी एकगठ्ठा येत. सव्वापाचचे आले, साडेपाचचे आले. रेघ चढतीच. खिडकीखाली ट्राम थांबली, घंटा वाजवून द हेगच्या दिशेनं गेली. अनुपची पुढची मीटिंग सुरू झाली असावी, त्याचा मोबाइल दोनदा थरथरला. त्यानं तो पालथा करून ठेवला आणि सासूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढली. चेष्टा त्यानं केव्हाच थांबवली होती.

पावणेसहाला रेघ पडली. सरळ, तळापर्यंत.

"घ्या." अनुप खुर्चीत मागे रेलला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड पुसलं. "तुमची लेक उशिरा उठली आज. येऊ दे रविवारचा फोन, चांगली झाडतो तिला."

राधाबाई हलल्या नाहीत. मग त्यानंच शिकवल्याप्रमाणे दोन बोटांनी त्यांनी ती रेघ मोठी केली.

"ही समता नाही."

"म्हणजे?"

"फडकं काचेवर आलं की रेघ क्षणभर टोकासारखी वर जाते. समता तीनदा पुसते. रोज तीन टोकं येतात, मग रेघ पडते." त्यांनी बोट टेकवलं. "हे एकच आहे."

ही सवय अनुपला ठाऊक होती. लहानपणी घरच्या तसबिरींची काच पुसायला राधाबाईंनीच तिला शिकवलं होतं. पहिला हात बुद्धाच्या नावानं, दुसरा धम्माच्या, तिसरा संघाच्या. तेव्हापासून समता चष्मा असो, मोबाइल असो, सायकलचा आरसा असो, तीनदाच पुसते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तो तिला त्यावरून चिडवायचा.

त्यानं टॅबलेट स्वतःकडे ओढला. कालचा दिवस काढला. तीन टोकं. परवाचा. तीन. गेल्या गुरुवारी तिकडे वादळ यायच्या बेतात होतं, काम घाईत उरकलं होतं. तेव्हाही तीन.

त्यानं समताच्या संस्थेत फोन लावला. पलीकडच्या मुलीशी तो इंग्रजीत बोलत राहिला, मध्येच एक-दोन वाक्यं डचमध्ये. राधाबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. थोड्या वेळानं त्यानं फोनवर हात धरला.

"ती म्हणते, त्यांनीही बघितलंय. आकडे उत्तम येताहेत. काळजीचं काही कारण नाही म्हणते, आई. काच स्वच्छ पुसलेली आहे."

राधाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"पुसली कोणी, ते विचारा."