बेचाळीस पाकिटं

या, असे जवळ सरका. टाळ बाजूला ठेवा. आज पुराणातली नाही, दिल्लीतली एक गोष्ट सांगायची आहे. पूर्वरंग नको, एकदम मध्यावरच येऊ.

कुमुदिनीने कागद टेबलावर आपटला, तेव्हा हरिदास दारात चपला काढत होता.

"बेचाळीस गावं फिरलात ना हो, हरिदासदादा? मग बेचाळीस गावांत एकच बुरशी कशी?"

कुमुदिनी एका संशोधनसंस्थेत मक्यावरच्या करप्याचा अभ्यास करी. करपा म्हणजे पानावर लांबट राखी डाग पाडणारी बुरशी. देवाने माणसांना चेहरे वेगवेगळे दिले, तसे बुरशीलाही दिले. फक्त ते डीएनएत दिसतात. कुठल्या गावात कुठल्या चेहऱ्याचा करपा आहे हे कळलं, तर तिथे कोणतं बियाणं टिकेल ते सांगता येतं. गावोगावची पानं खुडून आणायचं काम हरिदासचं. एकोणीस वर्षं कंत्राटावर. या खेपेला त्याला कायम करायचं, असं तिनेच साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. फक्त तिच्या अहवालाची वाट होती.

आणि बेचाळीसही नमुने एकाच चेहऱ्याचे निघाले. तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पीएचडीच्या दिवसांत तिने स्वतः वेगळी काढलेली बुरशी, तिची 'एक नंबर'. बियाण्याची परीक्षा घ्यायला संस्थेच्या मागच्या वाफ्यातल्या मक्यावर दरवर्षी हीच फवारली जाई. म्हणजे हिशेब सरळ होता. हरिदास गावांना गेलाच नव्हता. मागच्या वाफ्यातली पानं खुडून त्याने पाकिटांवर गावांची नावं घातली होती.

हाच माणूस पानं वाळत घालताना अभंग गुणगुणे, आणि तिचं बोट आपसूक टेबलावर ताल धरी. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींचं कीर्तन असलं की हाच पुढच्या रांगेत तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवी. याच माणसाला तिने अकरा वर्षं भाऊबीजेला ओवाळलं होतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती.

"ताई, पाकिटं तरी उघडून बघा."

"काय बघायचं त्यात? तुमचं कीर्तन?" पाकिटाच्या पाठीवर तो नेहमी काहीबाही लांबलचक लिहायचा, आणि ती त्यावरून त्याला चिडवायची. आज चेष्टा नव्हती. "माणूस खोटं बोलतो, दादा. डीएनए नाही बोलत."

हरिदासने चपला पुन्हा पायात सरकवल्या. टाचा झिजून जमिनीला लागल्या होत्या. तिने ते पाहिलं आणि नजर कागदावर नेली. त्याच दुपारी अहवालावर सही झाली: नमुने बनावट.

हरिदास दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागला. कंपनीच्या बसने जायचा, बसने यायचा. भाऊबीज आली. कुमुदिनीने तबक काढलंच नाही.

दिवाळीनंतर कपाटं रिकामी करायची होती. रद्दीत टाकायला म्हणून तिने पाकिटांचा गठ्ठा उचलला. चौतीस नंबरचं पाकीट फाटलं आणि त्यातलं पान तिच्या मांडीवर पडलं.

ते मक्याचं नव्हतं. बांधावर उगवणाऱ्या बरू गवताचं होतं. पाकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं: "पलवलच्या पुढचं गाव. मका काढून झाला होता. बांधावरच्या बरूवर तसेच डाग दिसले, म्हणून घेतलं. एका म्हातारीने ताक पाजलं. ताई विचारतील तेव्हा सगळं सांगेन."

असली पाकिटं नऊ निघाली. तपासताना तिच्यापुढे हरिदासने कापून दिलेले पानांचे बारीक तुकडे होते, आणि तिने फक्त नंबर पाहिले होते.

ती तिथेच फरशीवर बसली. तिची एक नंबर बरूवर जगत नाही. तीनदा फवारून तिनेच ते सिद्ध केलं होतं. मग या पानावर जी असूच शकत नाही, ती बुरशी तपासणीत आली कुठून? पानाबरोबर तर नाही. उरली प्रयोगशाळा.

आणि तिला तो दिवस आठवला. डीएनए काढण्याआधी प्रत्येक पानावरची बुरशी वाढवायला ओळीने मांडलेल्या बाटल्या. ओळखीची बुरशी सगळ्यांत शेवटी घ्यायची, असा नियम. तिचा रिवाज उलटा. कीर्तनात आधी नमन, तशी आधी आपली एक नंबर. हरिदास म्हणालाही होता, "ताई, नमनालाच घडाभर तेल नको. तिला शेवटी घ्या." ती हसली होती. एक नंबर पहिल्या बाटलीत सोडली, आणि तीच नळी पुन्हा पोषकद्रवाच्या मोठ्या भांड्यात बुडवली. त्याच भांड्यातून पुढच्या बेचाळीस बाटल्या भरल्या. वर्षानुवर्षं बाटलीत पोसलेली ती, रानातून आलेल्या बेचाळीस पाहुण्यांना पुरून उरली.

पाकिटांतल्या वाळक्या पानांतून तिने बुरशी पुन्हा वाढवली. या वेळी एक नंबर शेवटी. एकतीस चेहरे निघाले. खुलाशाचं पत्र वर गेलं. हरिदासची जागा केव्हाच भरली होती.

मानेसरला पाळी सुटली, तेव्हा ती फाटकाशी उभी होती. हातात चौतीस नंबरचं पाकीट.

"दादा," ती म्हणाली, "विचारायला आलेय."

हरिदासने पाकीट घेतलं. पाठ वाचली. फाटलेली कड बोटाने नीट बसवली आणि तिच्या हातात परत दिलं.

"बस सुटेल, ताई," तो म्हणाला आणि चढला.

तर मंडळी, आता नमनाला उभे राहाल तेव्हा त्या हरिदासाची आठवण काढा. आणि आपलं नाव शेवटी घ्या.