टँकरचा धबधबा

ऐन दुष्काळात मुंबईची सिनेमावाली मंडळी येडशीच्या रानात जंगलपट काढायला आली. त्यांना जंगली माणसं हवी होती, म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायाबाप्यांनाच त्यांनी धरून आणलं. चांगुणाच्या तोंडाला काजळी फासली, केसांत पिसं खोवली. "नाच झाला की गुमान उभं ऱ्हायचं," मुकादमानं बजावलं.

नाच झाला. मग कड्यावरनं टँकर मोकळा करून धबधबा सोडला आणि नटी त्याखाली न्हाऊ लागली. गावातल्या विहिरी कधीच्या आटलेल्या. एवढं पाणी मातीत जिरताना चांगुणाला बघवेना. ती धावत सुटली आणि खाली साचलेल्या गढूळ पाण्याला तिनं तोंडच लावलं. तिच्यामागं सगळेच धावले.

पोट भरल्यावर ती भानावर आली. "चुकलं सायेब, कामावरनं काढू नका," तिनं हात जोडले.

"चुकलं कुठं? कॅमेरा चालूच होता," डायरेक्टर खुशीत म्हणाला. "शिकवूनसुद्धा असं जमलं नसतं."

पुढल्या साली ती बेंबळीला नणंदेकडं गेली, तेव्हा तंबूत तोच सिनेमा लागला होता. चिखलात तोंड घालून पाणी पिणारी बाई पडद्यावर आली आणि सारा तंबू खदाखदा हसला. काजळीमुळं नणंदेनं तिला ओळखलं नव्हतं.

"वैनी, बगा की, जनावरावानी पितीया," नणंद हसत म्हणाली.

चांगुणाही हसली. एकटीच गप्प बसली असती, तर नणंदेनं वळून तिच्याकडं नीट पाहिलं असतं.