बिनदाराचं घर

"वरची गुंडी लाव," आई म्हणाली. "मत द्यायला चाललोय, मासे पकडायला नाही."

मुलाने गुंडी लावली. सकाळपासून त्याने दोनदा दाढी केली होती आणि एक घास गिळला नव्हता. छातीवरच्या खिशातला कागद जागेवर आहे ना, हे सारखं चाचपून बघत होता. शिक्षा पूर्ण भोगल्याचा दाखला होता तो. नवा कायदा आला होता; दाखला दाखवला की गेलेलं मत परत मिळतं, असं वकील म्हणाला होता. पण वकिलाचं काय, त्याची जीभ कुठेही वळते. मागच्या निवडणुकीला शाळेतल्या मतदान केंद्रावरच्या साहेबाने सगळ्या गल्लीदेखत परत पाठवलं होतं. "तुरुंगातून आलेल्यांचं इथे काय काम?" असं मोठ्याने, वर हसून.

"आज परत पाठवलं तर?" सुनेने हळूच विचारलं.

"तर या घरातलं कुणी पुन्हा त्या शाळेची पायरी चढणार नाही," आई म्हणाली. "आणि तू तोंड पाडून उभी राहू नकोस. कुणी मेलेलं नाही."

"तुम्ही खाल्लंत का काही?"

"कधीच."

खरंच खाल्लं होतं. आईला ताट वाढून वळेपर्यंत ते रिकामं झालेलं असायचं. मान वर नाही, बोलणं नाही. सून माहेरी सांगायची, आमच्या सासूबाई जेवत नाहीत, जेवण उरकतात.

मुलगा सुतार होता. अर्ध्या गावाला दारं त्याने बसवलेली, आणि स्वतःच्या घरात आत एकही दार नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने सगळी बिजागऱ्यांसकट उतरवली आणि पडदे लावले. का, असं विचारलं तर म्हणायचा, हवा खेळती राहते. गल्ली समजायचं ते समजली. कोंडल्यासारखं होत असेल बिचाऱ्याला, असं म्हणायची आणि तो जवळ आला की आवाज खाली आणायची. लग्न होऊन आलेल्या सुनेने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "सुताराशी लग्न केलं आणि न्हाणीघराला पडदा!"

बाहेरचं दार तेवढं राहिलं होतं. आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ताठ, हात पाठीमागे. दाराला हात लावणं तिला माहीतच नव्हतं. कुणीतरी उघडायचं आणि तिने निघायचं. मुलगा धावत पुढे झाला.

"महाराणी निघाल्या," सून पुटपुटली.

"ऐकू येतं मला," महाराणी म्हणाल्या.

जिन्यात शेजारीण उभी होतीच. केर काढत होती म्हणे. त्या पायरीवर केर कुठून येतो देव जाणे, पण या घरातलं कुणी बाहेर पडलं की तिथे केर हमखास असतो.

"सगळेच निघालात?"

"सगळेच," आई म्हणाली.

"म्हणजे आता... शिक्षा झालेल्या माणसालाही मत?" शेजारणीने मुलाच्या खिशाकडे बघितलं. "कायदे काय, कागदावर होतात. पण तुमचा जावई गेला तो गेलाच ना हो."

मुलाने मान खाली घातली.

"गेला नाही, पाठवला," आई म्हणाली. "माझी पोर पुढचे दात ओंजळीत घेऊन याच जिन्यावर आली होती. तेव्हाही तू इथेच केर काढत होतीस. सरक."

शेजारीण सरकली.

शाळेत दोन टेबलं होती. एकापुढे लांब रांग. दुसरं कोपऱ्यात, दाखला घेऊन येणाऱ्यांचं. तिथे चिटपाखरू नव्हतं. सून रांगेत लागली. आई आणि मुलगा कोपऱ्याकडे निघाले, तशी रांगेतली डोकी एकेक करून वळली.

"ए आई, घरी जाऊया का?" मुलगा म्हणाला.

"पाय उचल."

टेबलामागे साहेब तोच होता. मुलाने दाखला काढून दिला. साहेबाने तो वाचला, उलटा करून बघितला, मान वर करून दोघांना न्याहाळलं. मग कुठेतरी फोन लावला. "हो... हो, पूर्ण भोगलीय... बरं." आज तो हसत नव्हता. मुलाच्या कानशिलावरून घाम निथळत होता. आई पाठीमागे हात बांधून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. शिक्का मारून त्याने मतपत्रिका टेबलावर ठेवली. "ती कोपऱ्यातली खोली. आत एकानेच जायचं."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, दारापर्यंत तरी सोबत चालेल ना?"

"नाही."

"मग दार तेवढं उघडं ठेवा."

"अहो, गुप्त मतदान आहे. उघड्यावर कसं होईल?"

"साहेब, तुम्हाला कळत नाहीये..."

"पुरे," आई म्हणाली. "दारासाठी कुणाचे पाय धरायचे नाहीत."

खोलीचं दार बंद होतं. रांगेतली कुजबुज थांबली. दार बंदच राहिलं.

"ढकला," साहेब टेबलावरून म्हणाला. "कुलूप नाहीये त्याला."

पाठीमागच्या मुठीत मतपत्रिका धरून आई बंद दारापुढे उभी होती, अकरा वर्षं कोठडीच्या दारापुढे रोज उभी राहायची तशीच, बाहेर किल्ल्या वाजायची वाट बघत. मग तिने एक हात पुढे आणला आणि दार स्वतः ढकललं.